पयले जेवण, मंग समुद्र

लिस्बन, पोर्तुगाल
५ जानेवारी २०२५

ती. आईस,
माधवीचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट पाहून घाबरू नको, इकडे सगळं ठीक आहे. फोन केला की तुझा लेक गोपाल तो स्पीकरवर टाकते, आणि मग तू, बाबा, आत्या, शेजारपाजार, सगळे मिळून माझं बोलणं ऐकता. मले कधी तरी फक्त तुझ्याशी बोलायचं असते. म्हणून हा कागद.

तर गोष्ट अशी आहे की मे महिन्यात तू आणि बाबा इकडे यायचं आहे. नाई म्हणायची सोय ठेवली नाई. लिस्बनच्या दक्षिणेला समुद्र आहे, आल्गार्व म्हणतात त्या किनाऱ्याले. रेल्वेनं तीन तास लागतात. तिथं आठ दिवसांसाठी एक पांढरं घर भाड्यानं घेतलं आहे. अंगणात संत्र्याचं झाड आहे आणि फाटक उघडलं की समोर पाणी. इकडचे लोक तिथं उन्हासाठी जातात. खरंच सांगते, वाळूवर चादर टाकून दिवसभर उन्हात पडून राहतात. चंद्रपूर जिल्ह्यातला माणूस मे महिन्यात ऊन पाहायले सातासमुद्रापार चालला म्हणून बाबा हसतील. हसू दे. तिकडचं मे महिन्यातलं ऊन आपल्या माघातल्या उन्हासारखं आहे.

आता मुद्द्याचं. तुमचा नेम मले पाठ आहे. लेकीले मूल होत नाई तोवर आई-बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाई. माझ्या लग्नाले नऊ वर्षं झाली, तुम्ही माझ्या घरी पाण्याचा घोट घेतला नाई. म्हणून तर हे घर शोधलं. ते माझं नाई. मालकीण एक म्हातारी आहे, ती किल्ली देऊन निघून जाते. विमानतळावरून आपण सरळ रेल्वेत बसू, माझ्या घराचा उंबरठा तुम्हाले दिसणारही नाई. समुद्राच्या काठी आपण चौघं एका पंगतीत बसू. नेमात बसते ना? मी पुष्कळ विचार करून बसवलं आहे.

रोशनचा तुम्हा दोघांले नमस्कार. तो बाबांसाठी टोपी घेऊन बसला आहे. आत्याले नमस्कार सांग, पण एवढ्यात काही सांगू नको.

लोभ आहे तसाच राहू दे, आणि हो म्हण.
तुझी माधवी


सावली, जि. चंद्रपूर
३० जानेवारी २०२५

चि. सौ. माधवीस,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद. रोशनरावांले नमस्कार.

तुहं पत्र आलं तवा मी आंगणात पोपटाच्या शेंगा सोलत बसली होती. तू म्हटलं सांगू नको, मी नाईच सांगतलं. पण परदेशाचं पाकीट का लपते बापा? पोस्टमननं चौकापासून बोंबलत आणलं. तुह्या बाबांनं वाचलं, आन त्याइच्या पोटात गोठ राहते कुठी, त्याइनं आपल्या बहिणीले सांगतलं. बायनाआत्या तुही आत्या कमी आन घरातलं हायकोर्ट जास्त, हे तुले माहीत आहे. नवरा गेल्यावर चिमूरहून आमच्या इथी आली तवापासून या घरातला एकही नेम तिनं सुटू देल्ला नाई.

कोर्टाचा निकाल ऐक. भाडं लेक भरते म्हणजे घर लेकीचंच झालं. तुहे बाबा म्हणाले, बरं, भाडं मी देतो. मंग म्हणते, किराणा लेकीचा असंल त अन्नही लेकीचंच. मी म्हटलं, तांदूळ-दाळ घरून नेतो. मंग म्हणते, रांधणार कोण? म्हटलं, मीच रांधीन. तरी बाई चूप नाई. म्हणते, पानी कोणाचं? दोन दिवस विचार करून राह्यली, आन तिसऱ्या दिवशी म्हणते कशी, समुद्राचं पानी कोणाच्या बापाचं नाई, ते चालंल. म्हटलं बाई, ते खारं रायते. तवापासून माह्यावर फुगून आहे.

म्हणून मी आठ दिवसाचा शिधा बांधून राह्यली. एचएमटीचे तांदूळ, तुरीची दाळ, तिखट, जवसाची चटणी, तूप. तू फक्त तिकडची शेगडी कशी पेटते तेवढं सांग. तुह्या किराण्याले हात लागणार नाई, तू निश्चिंत राय.

गावाकडं वाघ दिसून राह्यला. वावरात एकटं जाणं बंद आहे, आमी चार-पाच जणी मिळून जातो. तुही आठवण कराले मात्र मले कोणाची सोबत लागत नाई.

आपली माया तिथी थंडीत गोठू देऊ नको.
तुही आई, रंभा


लिस्बन
२० फेब्रुवारी २०२५

ती. आईस,
नमस्कार.

तूप आणू नको. दुधातुपाची वस्तू इथल्या विमानतळावर काढून घेतात. आणि तांदूळही आणू नको, दाळही नको, चटणीही नको. शिधा घेऊन येत असाल तर येऊच नका. मी रागानं लिहून राह्यले, आणि राग उतरायची वाट न पाहता पाकीट पोस्टात टाकणार आहे.

तुले माहीत आहे मी इथं काय काम करते. वृद्धाश्रमात आहे. दिवसभर परक्या आई-बापांले घास भरवते. एक आजी आहे, तिले माझं नावही येत नाई, पण माझ्या हातून सूप प्यायल्याशिवाय झोपत नाई. संध्याकाळी घरी येते आणि मनात म्हणते, जगातल्या साऱ्या म्हाताऱ्यांले माझ्या हातचं चालते, माझ्या आईलेच तेवढं चालत नाई.

नागपूरचं आठवते का? दुसऱ्यांदा पोटातलं गेलं तेव्हा तू आली होतीस. माझ्या उशाशी रात्रभर बसलीस, पाय दाबून दिले. आणि जेवायच्या वेळी आपला डबा घेऊन बाहेर जिन्यावर जाऊन बसलीस. माझ्या घरात बसून तुले जेवता येत नव्हतं. मी पलंगावरून दाराच्या फटीतून पाहत होते. तू घाईघाईनं जेवून राह्यली होती, कोणी पाहू नये म्हणून. मले त्या दिवशी बाळाचं जितकं दुःख झालं नाई तितकं त्या डब्याचं झालं.

आता फोनवर जे सांगता येत नव्हतं ते सांगते. मले मूल होणार नाई. दिवाळीनंतर डॉक्टरनं साफ सांगितलं. मी रडले, रोशनही रडला, मग आम्ही दोघं बाहेर जाऊन मासे खाऊन आलो. आता मी ठीक आहे. माझी कीव करू नका. देव-देवरशी, नवस, धागा, काही पाठवू नका. पण तुमचा नेम मूल होईपर्यंतचा आहे ना? मग तो आता माझ्या मरणापर्यंत आहे. मी भाड्याच्या घरात लपून तुम्हाले जेवू घालणार नाई. ते घर शोधलं तीच माझी चूक झाली.

यायचं तर डबा न घेता या. नाई तर समुद्र आम्ही दोघंच पाहून येऊ.

लोभ मागत नाई, तो असेल तर आपोआप दिसेल.
माधवी


सावली
१८ मार्च २०२५

माह्या माधवीस,
आशीर्वाद, आन डोक्यावरून हात.

तुहं पत्र मी मोहाफुलं वेचाले गेली तवा पदरात बांधून नेलं. बाया हाका देत पुढं गेल्या, मी झाडाखाली बसून वाचलं. लय रडली. मंग राग आला. तुह्यावर नाई, माह्यावरही नाई. नेमावरच आला. त्याच रागात घरी आली.

जेवाले बसलो होतो. मी ताट सरकवलं आन तुह्या आत्याले, बाईले, म्हटलं, हा नेम कोणासाठी होता? लेकीच्या संसारावर मायबापाचा भार पडू नये म्हणून असंल. इथी त लेकीवर नेमाचाच भार होऊन राह्यला. धानाच्या रोवण्याच्या वक्ती आमी कोणाच्याही बांधीवर बसतो, कोणाच्याही डब्यातलं खातो, तवा कोणी जात विचारत नाई न पोरंबाळं मोजत नाई. आन पोटच्या लेकीच्या घरचं पानी चालत नाई? तिले मूल होणार नाई. कधीच होणार नाई. मंग मी काय तिच्या दारात उपाशी मरू? म्हटलं, मी जातो, आन पोटभर जेवतो. गावाले सांगायचं असंल त सांगा.

बाई न जेवता उठली. दुसऱ्या दिवशी एकच बोलली, आन ते मले अजून टोचून राह्यलं. म्हणाली, "माह्यासाठी कोणी मोडला नाई, मंग आता काऊन मोडता?" तवापासून माह्याशी बोलत नाई, पाठ करून बसते.

मले समजलं नाई. मंग रात्री तुह्या बाबांनं सांगतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सांगतलं. बाईले चिमूरकडं देल्लं, तिलेही मूल झालं नाई. तुहे आजोबा तिले भेटाले जात, तिच्या आंगणातल्या निंबाखाली बसत आन पानी न पिता परत येत. एकदा तुहे बाबा लहान असताना संगं गेले होते. बाई पाण्याचा लोटा घेऊन दोनदा बाहेर आली आन दोनदा तसाच आत घेऊन गेली. मरेपर्यंत आजोबा तिच्या उंबऱ्याच्या आत गेले नाई.

ऐकून मले वाईट वाटलं, पण मी माघार घेतली नाई. बाईसाठी कोणी भांडलं नाई, म्हणून मी तुह्यासाठी भांडू नाई का?

व्हिसासाठी नागपूरले जाऊन बोटाचे ठसे देऊन आलो. माह्या बोटाचे ठसे मशीनले दिसतच नव्हते, रोवणे करून करून घासले. ती पोट्टी म्हणे, आजी, पुन्हा दाबा. मी असं दाबलं का मशीन हालली.

आता ऐक. समुद्राचं घर राहू दे, पण समुद्र मागून. विमानातून उतरलो का पयले तुह्या घरी. दोन दिवस तिथीच राहीन. डबा आणत नाई, शिधा आणत नाई. मी उपाशी येतो. तुह्या बाबांचं मात्र मले सांगता येत नाई. ते येतीन, पण जेवतीन का, ते हावही म्हणत नाई न नाईही म्हणत नाई.

तुह्या हातच्या भाताची भूक धरून असलेली,
तुही आई


आल्गार्वचा समुद्रकिनारा, पोर्तुगाल
१२ मे २०२५

ती. बाईस,
रंभाचा सा. न. वि. वि.

तुमी दोन महिने माह्याशी बोलल्या नाई, म्हणून कागदावर बोलतो. कागदाकडं पाठ करून बसता येत नाई.

निघताना तुमी तुमच्या भावाच्या हाती गाठोडं देल्लं आन म्हणाल्या, माधवीशिवाय कोणी सोडायचं नाई. मले वाटलं, दशम्या असतीन. वाटलं, बाईनं शेवटी आपलंच खरं केलं, भावाचा डबा बांधून देल्ला. नागपूरच्या विमानतळावर वजन जास्त भरलं. मी माही दोन लुगडी काढून गोपालच्या हाती देल्ली, पण गाठोडं काढलं नाई. तुमच्याशी भांडण आहे, पण तुमची वस्तू टाकणार नाई.

माधवीच्या घरी पोचलो. तिसरा माळा आहे. मी उंबऱ्यातच तिच्या हातचा पाण्याचा पेला घेतला आन उभ्यानं सगळा पिऊन टाकला. लपून नाई, दार उघडं ठेवून. समोरच्या घरची गोरी बाई पाहून राह्यली होती, तिले का समजते? पण माह्या मनानं सारं सावली गाव पाहून राह्यलं होतं.

पोरीनं वरण, भात, आलू-वांग्याची भाजी केली होती. तुमचे भाऊ खिडकीपाशी खुर्चीत बसले आन म्हणाले, मले भूक नाई, विमानात पोट भरलं. विमानात त्याइनं एक पाव खाल्ला होता. माधवीचं तोंड उतरलं, रोशनराव उगीच पंख्याचं बटन दाबत राह्यले. मंग मीच म्हटलं, ते बाईचं गाठोडं त सोड.

तिनं सोडलं. तुमचं जुनं हिरवं लुगडं, आन लुगड्याच्या आत पितळेचं ताट. तुमच्या बाबांनं लग्नात आंदण देल्लेलं. ठिपक्या ठिपक्यांनी तुमचं नाव कोरलेलं. ज्यानं देल्लं तो त्यात कधी जेवला नाई.

तुमच्या भावानं ते ताट मांडीवर घेतलं. लय वेळ हात फिरवत राह्यले. मंग म्हणाले, त्या दिवशी निंबाखाली मले भूक लागली होती. बाईनं आत काही फोडणीले टाकलं होतं, त्याचा वास आंगणात येऊन राह्यला होता. मी बाबांले म्हटलं, भूक लागली, त त्याइनं माहा हात दाबला. असं सांगून ते खुर्चीतून उठले, खाली मांडी घालून बसले, ताट समोर ठेवलं आन माधवीले म्हणाले, वाढ.

बाई, तुमचा भाऊ तीनदा भात मागून जेवला. वाढताना पोरीच्या हातून वरण ताटाबाहेर सांडलं, तेही त्याइनं बोटानं पुसून खाल्लं. मी डोळे पुसले न माहं ताट पुढं केलं.

मंग समुद्र पाह्यला. मोठा आहे, निळा आहे, पानी थंड आहे. मी लुगडं खोचून गुडघ्यापर्यंत जाऊन आली. तुमचे भाऊ टोपी घालून वाळूत बसते न इथल्या लोकांले सांगते, हे काय ऊन होय? त्याइले कोणाची भाषा येत नाई, तरी सांगते.

कोणी विचारलं त सांगा, रंभा लेकीच्या घरी जेवली, तुमचा भाऊ हरिदासही जेवला, आन दोघंही पुन्हा जेवाले जाणार आहे. तोंड लपवू नका. आमीही लपवणार नाई.

आता ताटाचं. माधवीनं ते चिंच लावून घासलं, सोन्यावाणी दिसून राह्यलं, तुमचं नाव दुरून वाचता येते. मी म्हटलं, परत नेतो. ती नाई म्हणते. म्हणते, आत्यानं स्वतः यावं, याच ताटात माह्या हातचं जेवावं, आन मंगच ताट न्यावं. रोशनराव तुमच्या पासपोर्टची चौकशी करून राह्यले. तुमी पाठ करून बसा नाई त हायकोर्टात जा, पोरगी ऐकत नाई. माही आहे, पण हट्ट तुमचा घेतला.

लोभ आहेच, घरी आली का बोलणंही असावं.
तुमची भावजय,
रंभा