टाकी कुजलेली नव्हती

अण्णा, तुमची गाडी सुरू झाली. तुम्हाला हे सांगायलाच हवं असं सकाळपासून वाटतंय, म्हणून लिहायला बसले. पण आधी एक विचारायचंय. पेट्रोलची टाकी कुजली आहे असं तुम्ही आम्हाला का सांगितलंत?

झालं असं, की आपली सोसायटी पाडून नवी बांधणार आहेत आणि बंद गाड्या हलवा म्हणून सेक्रेटरी हात धुऊन मागे लागलाय. तुम्ही गेलात तरी तुमची गाडी अजून जिन्याजवळच, ताडपत्रीखाली. मांजरांच्या कितीतरी पिढ्या तिच्याखाली वाढल्या. मला काही ती भंगारात घालवेना. आई म्हणाली, "कशाला त्या गाडीच्या मागं लागतेस? टाकी कुजलेली हाय तिची. पानी शिरलेलं आत. त्यांनीच नाय का सांगलेलं?" तुमचा शब्द म्हणजे तिला अजूनही काळ्या दगडावरची रेघ.

शेवटी तुर्भ्याचा एक गॅरेजवाला गाडी ओढून घेऊन गेला. मीही गेले. टाकी उतरवायला आधी बॅटरीची तार सोडवली, मग पेट्रोलच्या काट्याची वायर, खालचा पाइप, तोंडाचं रबर, मग टाकी धरून ठेवणाऱ्या पट्ट्या. सगळे स्क्रू गंजून बसलेले, त्यातच सकाळ गेली. गडी मात्र खुशीत होता. जुन्या पेट्रोलचा आत डिंक होतो, गंजाचे पापुद्रे सुटतात, मग मूठभर नट आणि साखळीचा तुकडा टाकून टाकी गदागदा हलवायची, हे त्याने मला रंगवून सांगितलं होतं. नट एका डब्यात काढूनही ठेवले होते. टाकी खाली आली, त्याने आत मोबाइलचा टॉर्च मारला आणि बघतच राहिला. "ताई, ये तो एकदम चकाचक हाय! आत कायच नाय." आतून सगळीकडे ऑइलचा हात फिरवलेला होता. पाइपच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकलेली, तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी. "ज्याने ठेवलीय ना, प्रेमाने ठेवलीय," असं म्हणून त्याने नटांचा डबा जरा नाराजीनेच बाजूला सारला. मग आतलं ऑइल डिझेलने खळखळून काढलं, पेट्रोलने पुन्हा धुतलं आणि टाकी उन्हात पालथी घातली.

ती खुंटी मी हातात घेतली आणि ओळखली. आईच्या हरवलेल्या लाटण्याची मूठ! त्या लाटण्यावरून घरात केवढं महाभारत झालं होतं. आई शेजारच्या काकूंवर संशय धरून बसली होती, आणि तुम्ही स्वयंपाकघरात खाली मान घालून बाटलीने लाटलेल्या वाकड्यातिकड्या पोळ्या खात होतात. मला गॅरेजमध्येच हसू फुटलं. मग रडूही आलं, ते कशाचं हे मात्र लगेच कळेना.

पावणे गावातल्या तुमच्या कारखान्यातली ती दुपार आठवली. मी तुमचा डबा घेऊन आले आहे. एक पंप काही महिने बंद राहणार आहे, आणि तुम्ही तो नव्या नवरीसारखा पुसताय, आत ऑइल सोडताय, तोंडं बांधताय. मी म्हणते, बंदच करायचाय तर एवढं कशाला? तुम्ही मान वर न करता म्हणता, "बंद ठिवायचं म्हंजे टाकून द्यायचं न्हाई. उद्या कुणीतरी चालू करंल, त्याचा खोळंबा नको." चारचौघांत बोललात म्हणून मी फुगून बसले होते. गाडीसुद्धा तुम्ही अशीच बंद केलीत, कुणीतरी येईल असं धरून. पण मग धडधाकट गाडी बंद केलीतच का?

दोन दिवस माझ्या डोक्यात तेवढंच होतं. पाठ दुखत होती का? मन उडालं होतं का? पण रविवारी आईला घणसोली गावात माहेरी न्यायचं म्हटलं की तुमचा आनंद तिच्यापेक्षा जास्त असायचा. काल गाडी घेऊन घरी येताना पाम बीच रोडच्या सिग्नलला थांबले आणि तोंडातून आपोआप निघालं, "लाल." तेव्हा आठवलं. शेवटचे काही महिने तुम्ही मला शेजारी बसवायचात. "कंचा लागलाय, सांग बघू?" "म्होरच्या गाडीचा नंबर वाच." मला वाटायचं, तुम्ही मला गाडी शिकवताय. मी हौसेने सगळे नंबर वाचायचे.

अण्णा, तुम्हाला दिसत नव्हतं. कारखान्यातली यंत्रं तुम्हाला हातानेच ओळखू यायची, रस्ता नाही. आणि आईला सांगितलं असतंत तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या घणसोलीला कळलं असतं, मग कारखान्याला. रिटायर व्हायला तुम्हाला अजून थोडी वर्षं होती. म्हणून बिचाऱ्या टाकीला पुढे केलंत. एवढं सगळं एकट्याने पोटात ठेवलंत, याचं मला फार वाईट वाटलं. थोडा रागही आला.

आज आई खाली उतरली, बॉनेटवर हात फिरवला आणि पहिलं काय विचारलं असेल? "कुजलेलीच व्हती ना टाकी?" मी म्हटलं, हो गं, चाळणी झाली होती, दुसरी बसवली. "मंग! ते कदी खोटं बोलले नाय," असं म्हणून ती ऐटीत मागे जाऊन बसली. त्यामुळे हे पत्र काही घरात ठेवता येणार नाही, लिहून झालं की फाडणार आहे. लाटण्याची मूठ पर्समध्ये लपवली आहे.

घणसोलीला जाताना मी प्रत्येक सिग्नल मोठ्याने वाचला. आई म्हणाली, "येड लागलं काय तुला?" मी म्हटलं, सवय आहे. सवय कसली, अण्णा. शेजारची सीट रिकामी होती आणि मी तुमच्या विचारण्याची वाट बघत होते.