बुडवून ठेवलेली होडी

८ नोव्हेंबर, गुजरात

पाइप दोनदा सुटला. कानात अजून घरघर. जेवताना मुकादम म्हणाला, इथला गाळ उपसून संपला की ड्रेजर गोव्याला, पेडण्याकडे. कुठली खाडी विचारलं तर आमचीच. घास तसाच हातात राहिला. शेजारी पाळी गावचा सुदन, पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचा. म्हणाला, "बरा मरे, आता घरचो चिखल."

बाबांना फोन केला. खाडीचं तोंड वाळूने भरल्यापासून त्यांची होडी माडाखाली आहे, तीन पावसाळे. फळ्या सुकून फटी पडू नयेत म्हणून रोज संध्याकाळी तिच्यावर पाणी ओततात. ड्रेजर येतोय ते सांगितलं. मग म्हणाले, आजपासून दोन कळशे जास्त.

२६ नोव्हेंबर, घर

आलो. ड्रेजर मागून समुद्रातून येतोय. बाबा रिसॉर्टवर वॉचमन, गळ्यात शिट्टी. दिवाळीत आलेल्या कोणा पाहुण्याने त्यांना आजोबा म्हटलं ते अजून त्यांच्या डोक्यात आहे.

घर आईच्या तिसऱ्यांवर, म्हणजे शिंपल्यांवर चाललंय. खाडी भरली, पुळण वर आली, त्या वाळूत तिसऱ्या झाल्या. सुकती लागली, पाणी ओसरलं की आई जाऊन बसते, बोटांनी उकरते, बाजारात नेऊन विकते. बाबा तिसऱ्या खात नाहीत. पूर्वी खायचे.

मला दोन दिवसांत घरी कंटाळा आला. कुठेही गेलो की तसंच होतं.

३० नोव्हेंबर

कंपनीच्या साहेबाबरोबर डोंगीतून फिरलो. होड्यांसाठी चॅनल कुठून काढायचा ते त्याने मोबाइलवर दाखवलं. सरळ रेघ, आईच्या पुळणीच्या मधोमध. मी म्हटलं, थोडं पलीकडून? तो म्हणाला, पलीकडे खडक आहे, ड्रेजरचा कटर तुटेल. खडक आहे हे खरं. लहानपणी तिथेच माझा पाय कापला होता. 

उद्या त्या रेघेवर बांबू रोवायचे, लाल फडकी बांधून. गावचा म्हणून काम मला.

१ डिसेंबर

रोवले. आई सुकतीला तिथेच होती, शेजारची रखमावयनी पण. मी कमरेभर पाण्यातून बांबू ओढत येतोय आणि ती बघतेय. शेवटचा बांबू तिच्या टोपलीपासून हातभर लांब. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली,

"दुसऱ्या कोणी बांबू मारलो असतो तर शिव्या तरी घातल्या असत्या. तू मारलंस. आता कोणाक घालू?"

परत उकरायला लागली. रखमावयनीने माझ्याकडे बघितलं नाही.

घरी बाबा माझ्या तोंडून आईला सांगतात, खाडी मोकळी झाली की मासळी परत येईल, शिंपल्यांसाठी कोण रडतं. आई माझ्या तोंडून सांगते, जेवण चुलीवर आहे.

४ डिसेंबर

ड्रेजर पोचला. पाइप जोडणं चालू. पाठ गेली.

बाबांनी वाड्यावरची माणसं बोलावून होडी ओढत पाण्यात नेली. टाकल्याबरोबर भरली. एवढे कळशे ओतून पण. बाबा म्हणाले, बुडू दे. काठाला दोर बांधून तशीच ठेवली, पाणी पिऊन फळ्या फुगतील आणि फटी बंद होतील म्हणून. सुदन विचारत होता, बुडाली तर रडत कसे नाहीत तुम्ही? मी म्हटलं बुडाली नाही, बुडवली. त्याला पटलं नाही. खाणवाला.

७ डिसेंबर

आई आणि रखमावयनी रेघेतल्या बारक्या तिसऱ्या वेचताहेत. एरवी बारक्या परत टाकतात. आता त्याच घेतात, मोठ्या राहू देतात, दोन्हीला हात पुरत नाहीत. खाडीत वर आतल्या बाजूला, ड्रेजर येणार नाही तिथल्या वाळूत नेऊन पेरायच्या म्हणे. असं पूर्वी कोणी केलंय का विचारलं. नाही. जगतील? तिलाही ठाऊक नाही.

एका सुकतीत एवढं होत नाही. भरती आली की वेचलेल्या ठेवायच्या कुठे? घरी आणल्या तर मरतात.

८ डिसेंबर

पाणी चढायला लागलं तशी आईने टोपल्या उचलल्या आणि सरळ बाबांच्या बुडालेल्या होडीत ठेवल्या. विचारलं नाही. बाबा काठावर विडी ओढत होते. मला वाटलं आता भांडण.

विडी संपवली. मग म्हणाले, "तीन वर्सांनी होडयेक उतारू मेळले."

आई हसली नाही. पण हे तिलाच म्हणाले, माझ्या तोंडून नाही.

१३ डिसेंबर

कटर पुळणीला लागला. पाइपच्या तोंडाशी माझी पाळी. वाळूबरोबर मोठ्या तिसऱ्या फुटून पडत होत्या. कावळे, घारी. वास. रात्री जेवलो नाही.

वेचलेल्या सगळ्या पेरून झाल्या म्हणे. होडी अजून पाण्याखाली.

२ जानेवारी

काम संपलं. साहेब खूश. परवा निघायचं, आता आंध्रात. बाबांनी आज होडी उपसली. पाझरते, पण तरंगते. म्हणाले दोन दिवस थांब, मिळून बाहेर समुद्रात जाऊ. मुकादमाला विचारलं. नाही म्हणाला. मलाही, खरं तर, इथून निघायची घाई झालीय. का ते...

१९ जानेवारी, आंध्र

तेच. घरघर, डिझेल, भात.

घरी फोन. बाबा चॅनलमधून तीनदा बाहेर जाऊन आले. मासळी अजून बेताचीच, डब्याने पाणी उपसत जावं लागतं. पण आवाज मोठा झालाय, फोन कानापासून लांब धरला. वॉचमनची शिट्टी परत दिली नाही अजून.

आईला विचारलं पेरलेल्या तिसऱ्या लागल्या का. म्हणाली, रोज सुकतीला जाऊन उभी राहते. वाळूवर काही दिसत नाही. हात घालून बघ की, म्हटलं.

"हात घालूक भय दिसता. तू ये, मगे बघूया."

सुट्टीचं मुकादमाला विचारायचं होतं. आज पाइप तुंबला, तो सगळ्यांवर ओरडत होता. उद्या विचारतो.