इब्रीच्या कॅम्पातली बादली

पप्पा,

तुमच्या नातवाशी मी तीन आठवडे बोलले नाही, आणि त्याला कारण तुम्ही होतात. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही, म्हणून आधी त्याच्याबद्दल सांगते. बावीस वर्षांचा आहे. मस्कतमध्ये वाढला, आता इंग्लंडात लीड्सला शिकतो. इथल्या इंडियन स्कूलमध्ये पोरं आपसात इंग्लिशच बोलायची, त्यामुळे त्याचं मराठी जिना उतरणाऱ्या लहान मुलासारखं आहे, एक पाय नीट टेकला की मग दुसरा. कान मात्र तुमचे घेतलेत, बाहेर आलेले. ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. मी मस्कतला, मदिनत सुलतान काबूसमधल्या आमच्या फ्लॅटच्या किचनमध्ये बोंबील तळत होते. फोन डब्याला टेकवून ठेवला. तो म्हणाला, "मम्मी, गेस कर मी काय बनवतोय." मी म्हटलं, "पास्ता." त्याने कॅमेरा फिरवला. टेबलावर काचेची एक फुगीर बरणी होती, चार-साडेचार लिटरची. तिच्यात सफरचंदाचा गढूळ रस, तोंडाला रबरी बूच आणि बुचात ती वाकडी नळी.

ती नळी मी चाळीस वर्षांनी पाहत होते. माझे बोंबील जळाले. "सायडर आहे, ॲपलची वाइन समज," तो सांगत होता, "बिगिनर किट मिळतो शॉपमध्ये, यीस्टचं पाकीट आणि सगळं आत असतं, तीन आठवड्यांत रेडी." मी गॅस बंद केला आणि म्हणाले, "फेकून दे ते." तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय. "इथे अलाउड आहे, मम्मी. सगळे करतात." मी म्हटलं, "तुझ्या आजोबांनी याच्यापायी नोकरी घालवली. याच देशात. आमच्या घराचं काय झालं ते मला विचार. फेकून दे आणि मग मला फोन कर." त्याचा चेहरा बदलला. "आजोबा ड्रिंक करायचे? तू कधी सांगितलं नाहीस." मी फोन ठेवला. त्याने परत केला नाही, आणि मीही हट्टाने केला नाही. त्याचे वडील दोन-तीनदा म्हणाले, "अगं, सफरचंदाचा रस तो, एवढं काय?" पण ह्यांनाही ठाऊक होतं की या विषयावर माझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आमच्या घरात कधी एक बाटली आली नाही. नाताळात ह्यांच्या मित्रांकडे जेवायला गेलो की मी ह्यांच्या ग्लासाकडे बघत बसायची. किती वेळा भरला, किती उरला. असं बघत बसणाऱ्या बाईशेजारी कुणाला जेवण गोड लागेल?

तुम्ही परत आलात तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मी अकरा वर्षांची आहे, सहामाहीचा अभ्यास करत ओट्यावर बसलेय, आणि वसईच्या आमच्या गल्लीत रिक्षा थांबते. तुम्ही यायला अजून सात महिने होते. आई पदराला हात पुसत बाहेर येते आणि तिच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "बरे आहात ना?" तुम्ही म्हणता, "कंपनीचं काम खलास झालं." एवढंच. सोबत एक सूटकेस आणि दोरीने बांधलेला एक मोठा खोका. आम्हा भावंडांना वाटलं टेपरेकॉर्डर. खोक्यातून निघाली झाकणाची एक पांढरी बादली, तळाशी छोटा नळ असलेली. बादलीत एक वाकडी नळी, पाण्यात तरंगणारी काचेची एक काडी, बाटल्यांना बुचं ठोकायचं हत्यार आणि चहाचे डाग पडलेलं एक इंग्लिश पुस्तक. आई बादलीकडे बघून म्हणाली, "ओमानवरून बादली आणलीत?"

मग ती बादली आमच्या मागच्या पडवीत राहिली. नाताळ जवळ आला की इतर घरांत द्राक्षांची वाइन बरण्यांत मुरायची, आमच्याकडे तुम्ही आल्याची जिंजर बिअर करायचात, मुलांनाही प्यायला चालेल अशी, आणि वर्षातून एकदा मोठ्यांसाठी खरी बिअर, डझनभर बाटल्या. मी तुमची मदतनीस. मला त्यातलं सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर धुणं. बादली उकळत्या पाण्याने धुवायची, बाटल्या ब्रशने आतून घासायच्या, उजेडाकडे धरून बघायच्या, पुन्हा घासायच्या. तुम्ही ओमानात कंपनीच्या कामगार कॅम्पात आचारी होतात, पण पडवीत तुम्ही ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखे वागायचात. एकदा मी आंबोशी चघळत आले आणि बादलीत डोकावताना कडेला बोट लागलं. तुम्ही विचारलंत, "हात धुतलेस?" मी म्हटलं, "हो." "कोपरापर्यंत?" मी बोट मागे लपवलं. तुम्ही नळ उघडलात आणि ती अख्खी बादली नारळाच्या मुळाशी सोडून दिलीत. दोन किलो साखर होती त्यात. आई ओरडली, "पोरीचं बोट लागलं म्हणून? वेड लागलंय का तुम्हाला?" तुम्ही म्हणालात, "उद्या कुणाच्या पोटात दुखलं तर नाव माझं." मी रडले. संध्याकाळी तुम्ही मला नखं घासायचा एक छोटा लाकडी ब्रश आणून दिलात, माझ्या एकटीचा. मला तो बक्षीस वाटला नाही, शिक्षा वाटली. आज मी एका हॉटेलात किचनची स्वच्छता तपासायचं काम करते. माझी चाहूल लागली की पोरं एकमेकांना अरबीत "यल्ला, यल्ला", चला चला करत ओटे पुसायला लागतात. तेव्हा मनात मी तुमच्याच आवाजात विचारते, कोपरापर्यंत?

पंधराव्या वर्षी एका बारशात थोरल्या आत्याच्या तोंडून मी ते ऐकलं. ती शेजारणीला सांगत होती, "कंपनी कसली बंद पडतेय? दारूत सापडला म्हणून हाकलला त्याला." मी मागेच बसले होते. त्या दिवसापासून मी तुमचा वास घ्यायला लागले, पप्पा. तुम्ही केटररकडच्या कामावरून आलात की मी जवळून जायची. वास कांद्याचा आणि घामाचा यायचा, पण मला वाटायचं, लपवतायत. बाटल्यांतली एखादी उघडलीत तर अर्धा कप प्यायचात आणि उरलेली शेजाऱ्याला द्यायचात. तेही मला नाटक वाटायचं. आणि सतराव्या वर्षी, मला हॉटेलच्या कोर्सला जायचं होतं आणि तुम्ही म्हणालात, "ती लाईन चांगली नाही, मुलींना त्रास होतो," तेव्हा मी ते बोलले. तुम्ही मोरीपाशी बाटली घासत होतात. मी म्हटलं, "दारूपायी नोकरी घालवणाऱ्याने मला लाईन शिकवू नये." तुमचा ब्रश थांबला. तुम्ही वळून बघितलं नाहीत. ओली बाटली माझ्यापुढे धरलीत आणि म्हणालात, "एवढी विसळून दे जरा." मी नाही दिली. मी घराबाहेर निघून गेले. दुसऱ्या दिवशी तुम्ही कोर्सच्या फॉर्मवर सही करून तो माझ्या उशीखाली ठेवलात, आणि त्यानंतर तुम्ही बिअर कधीच केली नाहीत. बादलीत आई तांदूळ ठेवायला लागली. सात वर्षांनी तुम्ही गेलात. त्या सात वर्षांत आपण हजार गोष्टी बोललो, ही एक सोडून.

आता या महिन्यात काय झालं ते ऐका. ह्यांना एका शनिवारी एसीच्या कामासाठी मस्कतपासून लांब, इब्रीला जायचं होतं. मी सोबत गेले, घरात बसून फोनकडे बघण्यापेक्षा बरं. हे कामावर गेल्यावर मी बाजारात फिरत होते, आणि उशांच्या अभ्र्यांचं कापड बघायला एका जुन्या दुकानात शिरले. गल्ल्यावर सत्तरी ओलांडलेले एक चाचा, पांढरी टोपी, जाड चष्मा. मी ह्यांच्याशी फोनवर बोलत होते ते त्यांनी ऐकलं. विचारलं, "वसईकडची काय गो तू?" ते रत्नागिरीचे निघाले. पन्नास वर्षं इथे. मी सहज म्हटलं, "माझे वडीलही होते इथे, जवळच्याच एका कॅम्पात. आचारी." त्यांनी चष्मा काढला. "किरिस्ताव आचारी? कान असे बाहेर?" त्यांनी दोन्ही हात कानांपाशी नेऊन दाखवले. मी हसले आणि मान हलवली. ते खुर्चीतून उठलेच. "बादलीवाला! अगो, तू बादलीवाल्याची पोर?"

चाचा तेव्हा तुमच्या कॅम्पात स्टोअरकीपर होते, हे तुम्हाला मी काय सांगू. पण तुम्ही माझ्याशी त्यांच्याबद्दल कधी बोलला नव्हतात. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि सांगायला लागले. एक इंग्रज इंजिनिअर बदली होऊन जाताना तो किट तुम्हाला देऊन गेला, कारण तुम्ही त्याच्या आजारपणात त्याला पेज करून घातली होती. पुस्तक वाचता येईना म्हणून तुम्ही रोज दुपारी ऑफिसातल्या क्लार्ककडून एक पान समजून घ्यायचात. "साखर माझ्याकडून न्यायचा," चाचा म्हणाले, "मला वाटे शिरा करतो. मी म्हणायचो, अरे, एवढा शिरा खातं कोण?" नाताळसाठी तुम्ही वसईच्या पाच-सहा जणांकरता एक बादली लावली होतीत आणि ती कोठारात तांदळाच्या पोत्यांमागे होती. नवा मॅनेजर तपासणीला आला, वासावरून त्याला सापडली. त्याने सगळ्यांना मेसमध्ये रांगेत उभं केलं. चाचाही रांगेत, कोठाराची चावी त्यांच्याकडे म्हणून घाबरलेले.

"सगळे गप," चाचा म्हणाले. "कोणी बोलला नसता तर बादली ओतून विषय खलास झाला असता. मॅनेजर पण दमला होता, त्याला जायचं होतं. जाता जाता तो बोलला, 'ये गटर का पानी पी के सब के सब अंधे हो जाओगे.' आणि तुझा बापूस रांगेतून बाहेर आला."

"का?" मी विचारलं.

"गटर म्हटलं ना! त्याला लागलं ते. बोलला, 'साब, गटर का नहीं है, मेरा है. बादली उबाल के धोया है. आप सूंघ के देखो.' मी मागून त्याचा शर्ट ओढतोय, अरे चूप, अरे चूप. हा कसला ऐकतोय! मॅनेजरला बोलतो, 'मेरा हाथ देखो, साब,' आणि बाह्या वर करून हात दाखवतोय."

पप्पा, मी त्या दुकानात, कापडाच्या ताग्यांमध्ये बसून, मोठ्याने हसले. इतकी की बाजूच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. चाचाही हसत होते, डोळे पुसत. मॅनेजरने शेवटी पोलिसांना कळवलं नाही, पुढच्या विमानाने परत पाठवलं. बादली ओतली, पण रिकामी तुम्ही मागून घेतलीत. चाचांनीच खोका बांधून दिला. मी विचारलं, "चाचा, ते प्यायचे का?" त्यांना तो प्रश्नच कळला नाही. "कोण, तो? चमचाभर चाखायचा आणि थू करायचा. त्याला बनवायचा नाद होता. मी तर आयुष्यात शिवलो नाही, पण एवढं सांगतो, त्याच्या हातचं असतं तर मला भीती वाटली नसती." मग एकदम गंभीर होऊन ते म्हणाले, "घरी सांगितलं नव्हतं का त्याने?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "कसं सांगणार. एका शब्दासाठी नोकरी घालवली, हे बायकोला कोण सांगतं?"

परतीच्या वाटेवर मी गाडीतच ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "म्हणजे सव्वीस वर्षं मी घरात उगाच लिंबू सरबत प्यालो." मग मी लीड्सला फोन लावला. त्याने उचलला, पण 'हॅलो'सुद्धा जपून म्हणाला. मी विचारलं, "फेकलंस का?" तो म्हणाला, "नाही. सॉरी, मम्मी. पण ते तसंही खराब झालंय, बबल्स बंद झाले." मी म्हटलं, "कॅमेरा लाव. खोलीत थंडी किती आहे?" तो जॅकेट घालून बसला होता. हीटर महाग म्हणून लावत नाही. "थंडीने यीस्ट झोपलंय. आजोबा डिसेंबरात बादलीला गोधडी गुंडाळायचे, तू बरणीला स्वेटर गुंडाळ आणि खिडकीपासून लांब ठेव. आणि आधी सांग, हात कसे धुतले होतेस?" त्याने मला साबण लावून दाखवले. दोन दिवसांनी फक्त एक व्हिडिओ आला. निळ्या स्वेटरमधली बरणी, आणि नळीतून बुडबुडा, मग थोडं थांबून दुसरा. मागून त्याचा आवाज, "आजोबांचं टेक्निक वर्किंग."

मी त्याला मग तुमची सगळी गोष्ट सांगितली, बाह्या वर केल्यापर्यंत. तो इतका हसला की फोन हातातून पडला. सायडर तयार झाल्यावर म्हणाला, थोडी आंबट आहे, पण क्लीन आहे. इथे घरात असलं काही करायला परवानगी नाही आणि मला करायचंही नाही. पण येत्या उन्हाळ्यात आम्ही दोघं त्याच्याकडे जाणार आहोत. ह्यांनी आत्तापासून ग्लासाचा विषय काढायला सुरुवात केलीय.

हे पत्र मी त्याला वाचायला देणार होते. पण एवढं मराठी त्याला वाचता येणार नाही, आणि मोरीपाशी काय बोलले ते मी त्याला सांगितलेलं नाही. ते वाचून त्याने मला काय समजावं, याची भीती वाटते. तुमच्या पत्त्यावर पाठवायची सोय नाही, म्हणून हे कपाटात पासपोर्टांच्या फाईलखाली राहील.

खरं सांगायचं तर मी आज माफी मागायला बसले होते. चार वेळा त्या वाक्यापाशी आले आणि दरवेळी तुमचं दुसरंच काहीतरी आठवलं आणि तेच लिहीत सुटले. माफी अजून मागितलेली नाही, पप्पा. तुमच्याशी पुन्हा बोलायला माझ्याकडे दुसरं निमित्त नाही, म्हणून ती आज राहू देते.