दहा नंबरची जर्सी

राजवर्धनदादा,

रविवारी दर्पण कॉलनीत तुमच्या जुन्या फुटबॉल टीमचा सत्कार झाला. गळ्यात हार घालून तुम्ही माझ्या भावाबद्दल बोललात, "मधु बडा खिलाडी था, बस किस्मत खराब थी." लोक हळहळले. माझं डोकं फिरलं.

किस्मत? फायनलच्या आदल्या दिवशी त्याचा गुडघा नारळाएवढा सुजला होता. तुम्ही कॅप्टन, घरी येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघून गेलात. तरी मॅचच्या सकाळी खासगी बाजार मोहल्ल्यातल्या आमच्या घरी त्याची दहा नंबरची जर्सी पाठवलीत. तुमच्या टीमचा रिवाजच तो! जर्सी घरी आली की खेळायचंच, परत पाठवणारा भित्रा. मधूच्या पासवर गोल करून तुम्ही कप उचललात आणि तो स्ट्रेचरवर गेला. चाळीस वर्षं लंगडत जगला, मागच्या वर्षी गेला. आणि तुम्ही त्याच्या नशिबाला बोल लावता?

पण त्या सकाळी त्याने ती जर्सी घडी करून पिशवीत घातली होती, परत पाठवायला. मीच ती बाहेर काढली. अख्खी गल्ली मॅचला जाणार होती, मला मैत्रिणींत मिरवायचं होतं. "घाबरलास काय रे?" म्हणत मी तिला इस्त्री केली आणि त्याच्या हातात दिली.

हे त्याने तुम्हाला कधी सांगितलं नाही, मला कधी बोलून दाखवलं नाही. आता हे पत्र मी कुठल्या तोंडाने पाठवू?

मधूची धाकटी बहीण,
वनमाला