आधी पूर, मग घर

४ सप्टेंबर

डॉक्टर म्हणतात, आप्पांचं आयुष्य क्रमानं लिहून काढा आणि रोज वाचून दाखवा, चिडचिड कमी होईल. क्रमानं! कालचं जेवण त्यांना आठवत नाही. चाळीस वर्षं काशीच्या शिंदे घाटावर मराठी यात्रेकरूंची श्राद्धं पोथीविना सांगणारा माणूस आज आंघोळ आधी की चहा आधी यावर अडून बसतो.

रडू आलं नाही. राग आला.

५ सप्टेंबर

एक गंमत कळली. सबंध आयुष्य विचारलं तर आप्पा गडबडतात. पण दोनच गोष्टी समोर ठेवल्या – 'आजोबा गेले ते आधी, की तुमचं लग्न?' – तर उत्तर ठणठणीत. "लग्न. आजोबांनी अक्षता टाकल्या की!"

७ सप्टेंबर

जोड्यांचंच काम असेल तर आमच्या संगणक केंद्रात त्यासाठी हत्यार पडलेलंच आहे. टी-सॉर्ट. कुठला प्रोग्राम आधी बांधायचा, कुठला नंतर, हे ठरवायला वापरतो. एका ओळीत दोन शब्द – पहिला आधीचा, दुसरा नंतरचा. ओळी कशाही उलटसुलट भरा, ते एक सरळ यादी काढून देतं. आता रोज संध्याकाळी आप्पांना जोड्या विचारते. लग्न – आजोबा_वारले. दादाचा_जन्म – माझा_जन्म.

खरं कारण इथे तरी लिहावं. मला आई हवी आहे. अठ्ठ्याहत्तरच्या पुरात संकठा घाटावरून ती वाहून गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. माझ्याकडे तिचा एक फोटो, तोही लग्नातला, मान खाली घातलेला. आप्पांच्या डोक्यातून ती जायच्या आत माझ्या फाइलमध्ये यायला हवी.

९ सप्टेंबर

टी-सॉर्टनं फाइल घेतली नाही. म्हणे शब्दांची संख्या विषम आहे. शोधलं तर 'आईचं_श्राद्ध' एकटंच लिहून ठेवलेलं. ते कशाच्या आधी, कशाच्या नंतर, मलाच ठाऊक नाही. अविधवा नवमीला आप्पा घाटावर दिवसभर लोकांच्या आयांचं करायचे, घरी येऊन गप्प जेवायचे. घरात कधी काही नाही. समोरच्या शरदिनीकाकू म्हणायच्या, "दुःख आहे गं त्यांना." पण सुरुवातीला एकदा तरी केलंच असणार.

अशा एकट्या शब्दाला एक सोय आहे. तोच शब्द दोनदा लिहायचा. म्हणजे एवढंच, की ही गोष्ट आहे. आधी-नंतर माहीत नाही. तसं केलं.

१३ सप्टेंबर

साठ जोड्या झाल्या. आज यादी वाचून दाखवली. आप्पा शांत ऐकत होते. मधेच म्हणाले, "हा माणूस कोण? बरा वाटतो."

१६ सप्टेंबर

टी-सॉर्ट अडलं, जोड्यांचं चक्र आलं! टी-सॉर्ट त्यातली नावं एकाखाली एक काढून दाखवतं. आई_गेली. दूधविनायकचं_घर. तुळस.

आई पुरात गेली, मग आम्ही या घरात आलो. घरात आल्यावर तुळस लागली. आणि आप्पा काल काय म्हणाले? "तुळस प्रभावतीनं लावली. जायच्या आधी." म्हणजे आई या घरात यायच्या आधीच गेली, आणि इथे तुळस लावूनही गेली.

कुठली तरी एक ओळ खोटी आहे.

१७ सप्टेंबर

दादाला नागपूरला फोन केला. तुळशीचं सांगितल्यावर तो भराभर बोलला, "आधी पूर, मग घर. बस. दिमाग ठिकाणावर नाही त्यांचं सुनीती, तू कशाला परेशान होतेस?"

तुळशीची ओळ काढून टाकली. चक्र गेलं. जुनं सगळ्यात शेवटी पुसलं जातं असं डॉक्टर म्हणाले होते. तरी मी दादाचं ऐकलं.

१८ सप्टेंबर

तुळशीला पाणी घालताना आप्पा आज तिला 'सावकाश जा' म्हणाले.

२३ सप्टेंबर, नवमी

सकाळीच धोतर नेसून दारात. घाटावर जायचं म्हणे, लोक खोळंबले असतील. हाताला धरून बसवलं. आणि विचारलंच. "आप्पा, आईचं श्राद्ध कशाच्या नंतर केलंत?"

ढ विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघितलं माझ्याकडे. "जिवंत माणसाला पिंड देत नाहीत. एवढंही नाही शिकलीस?"

मग तेच पुढे म्हणाले, "पोरांना पुराचं सांगितलं. पिंडाला काय सांगू?" लगेच चहा मागितला. मी केला. साखर घालायला मी विसरले, तरी ते प्यायले.

२४ सप्टेंबर

दादा आधी उडवाउडवी करत होता. मग म्हणाला, "तिची पेटी मीच उचलली होती. स्टेशनपर्यंत. अकरा वर्षांचा होतो."

नव्या घरात ती आठच दिवस होती. गल्ली नवी, शेजारी नवे, पुरात गेली म्हटल्यावर कोण विचारतो! गाडी मुंबईची. का गेली, कुणाकडे गेली – "तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही." आणि तीस वर्षं? "आप्पांनी शपथ घातली होती, सुनीती."

फोन ठेवला. दादाचा राग येतो. आप्पांचा येतो. तिचा सगळ्यात जास्त येतो. काशीत राहून मी कधी गंगेत पाय घातला नाही, त्या पाण्यानं आई नेली म्हणून. पाण्यानं काहीच नेलं नव्हतं. आप्पांच्या साठ जोड्यांत खोटी एकच, तीही मीच घातलेली.

२६ सप्टेंबर

पुराची ओळ काढली. श्राद्धाची काढली. तुळशीची परत घातली. यादी सरळ आली.

हिशेबानं ती आता साठीची असेल. फाइलच्या शेवटी एक ओळ लिहिली.

आई आई