भरतीच्या प्रोग्रॅमचं लायसन्स

१२ जाने. ९७, कोपर
भरती-ओहोटीचा प्रोग्रॅम एकदाचा चालला! गणित बाबांचं, चाळीस वर्षं खाडीत जाळी टाकून जमवलेलं. टायपिंग माझं. मानपाड्याच्या ज्या क्लासात मी शिकवते तिथले सर म्हणाले, "क्लासचं नाव टाक, सोर्स कोड कुणाला देऊ नकोस." मान डोलावली. मनात नाही.

१४ जाने.
कॉम्प्युटर मासिकासोबत आलेल्या सीडीवर फ्री सॉफ्टवेअरचं लायसन्स मिळालं. कुणीही वापरा, बदला, वाटा, पण पुढच्यालाही तेच हक्क द्या. सात पानं. बाबांना मराठीत सांगितलं.
"फुकट द्याचा तं दे. सात पानां क्याला?"
"नाहीतर कुणीतरी कुलूप लावील."
"भरतीला?"
"सर लावतील."
जरा विचार करून, "मग चवदा लाव."

१६ जाने.
भांडण. लायसन्समध्ये ठळक अक्षरांत, 'कसलीही हमी नाही.'
"हमी नाय कशी? माझे शब्दावर होड्या सुटतान!"
"कुणाची चिखलात रुतली तर?"
"मी जाऊन ओढीन."
"ऑस्ट्रेलियात रुतली तर?"
बाबा आपल्या खाडीकडे बघत म्हणाले, "ती खारी माझी नाय." कलम राहिलं.

१९ जाने.
लेखक म्हणून दोघांची नावं. बाबांचं वर. आई म्हणे, माझं कुठाय?

२७ जाने.
क्लासात तिघा विद्यार्थ्यांना फ्लॉपी दिली, लायसन्ससकट. सरांनी पाहिलं. "ती पानं काढ, नाहीतर प्रोग्रॅम माझ्या मशीनवरून काढ." प्रोग्रॅम काढला. नोकरी राहिली का, ते उद्या क्लासला गेल्यावर कळेल.

६ फेब्रु.
तिघांतले एक कांबळेकाका, कल्याणचे, रिटायर झाल्यावर शिकायला येतात. आज क्लासात फ्लॉपी परत आणली. "तुमच्या बाबांचं गणित कोपरला वीस मिनिटं चुकतं. दुरुस्त केलंय."
घरी सांगितलं. बाबा जेवता जेवता उठले.
"बदलाची परवानगी त्याला कोनी दिली?"
"तुम्ही. लायसन्सवर नाव आहे तुमचं."

९ फेब्रु., रविवार, खाडीवर
बाबांनी काकांना बोलावूनच घेतलं. बाबांच्या मते भरती पावणेतीनला पूर्ण, काकांच्या मते तीन पाचला. पाणी कुठवर चढतं ते बघायला चिखलात काठी रोवलीय. काका घड्याळ घेऊन, बाबा घड्याळाकडे पाठ करून. आईने दोघांना चहा पाठवला, तो तसाच.
आत्ता पावणेतीन. पाणी थांबल्यासारखं वाटतंय. बाबा माझ्याकडे बघतायत. मी काठीकडे.