रेडकू गेलं, उशीर माझा

मंगळवार, संध्याकाळ. कोल्हापूर

रेडकू गेलं. उशीर माझ्यामुळं झाला. इथं तरी खरं लिहिते.

सकाळी शाहूवाडीकडच्या सुमनआक्कांचा फोन आला, म्हैस अडलीय, लगेच या. मी बटण दाबलं तर मोटारसायकल नुसती टकटक करून गप्प. किक नाहीच तिला. शेवटी दुधाच्या टेम्पोनं गेले, तोवर तास गेला. रेडकू मेलेलंच निघालं. म्हैस वाचली, पण उठेना.

"डॉक्टरीणबाई, लई वेळ लागला की," आक्का म्हणाल्या. मी म्हटलं, रस्त्यात झाड पडलं होतं. का म्हटलं असं? आठ दिवस हॉर्न बसका वाजत होता. बॅटरीच्या टोकांवर पांढरा चुरा साठलेलाही पाहिला होता. जनावराचं दुखणं आवाजावरून ओळखणारी मी, मला तो हॉर्न ऐकू आला नाही? आला होता. मी टाळला.

दुपारी बॅटरी स्वतः काढून दुकानात नेली. दुकानदार म्हणाला, "चार वर्सं झाली हिला. चार्ज करून उपेग न्हाय. नवी बसवायला माणूस देऊ?"

"नको. मीच बसवते."

आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह, वर व्हॅसलीन. पहिल्याच बटणाला गाडी सुरू. आता दर महिन्याला मीच तपासणार.

मघाशी आक्कांचा फोन. "म्हस उठली. तुमचं लई उपकार हायत." उद्या सकाळी जाणार. आधी झाडाचं खोटं कबूल करीन, मगच म्हशीला हात लावीन.